डॅशबोर्डचं चामडं उन्हात आकसतं तेव्हा

दहा-बारा वर्षं वापरलेली दोन दारांची स्पोर्ट्‌स कार पुण्या-मुंबईहून सांगलीला किंवा साताऱ्याला येते. घेताना इंजिन बघून झालेलं असतं, टायर बघून झालेले असतात, कागदपत्रं तपासलेली असतात. मग पहिला उन्हाळा जातो आणि मालकाच्या लक्षात येतं की समोरच्या काचेखाली डॅशबोर्डचं काळं चामडं कडेनं मागं सरकलंय. एसीच्या जाळीपाशी पिवळट फोम डोकावतोय, मीटरवरच्या छपरावर फुगा आलाय. ओळखीतला प्रत्येक जण एकच सल्ला देतो: चामडं कोरडं पडलंय, तेल लाव.

हा सल्ला कोल्हापुरी चपलेला लागू पडतो. डॅशबोर्डला तो बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो आणि कधीकधी नुकसान करतो. का, ते कळण्यासाठी आधी तिथं किती तापतं आणि तापल्यावर चामड्याचं काय होतं, एवढं बघू.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात उभ्या गाड्यांची तापमानं मोजून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. बाहेर ३८ अंशांच्या वर ऊन असताना तासाभरात गाडीतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, सीट ५१ वर, स्टिअरिंग ५३ वर आणि डॅशबोर्ड ६९ वर. सावलीत उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये तोच डॅशबोर्ड ४८ च्या आसपास राहिला. बाहेर ३८-३९ अंश म्हणजे सांगलीतली एप्रिल-मे महिन्यातली नेहमीची दुपार. सातारा उंचावर आहे, तिथं जरा बरं असतं, पण बंद काचेच्या आत त्या फरकाला फारशी किंमत राहत नाही.

हवेपेक्षा डॅशबोर्ड इतका जास्त तापतो, कारण ऊन काचेतून थेट त्याच्यावर पडतं. काच सूर्यप्रकाश आत सोडते. काळा पृष्ठभाग तो शोषून घेतो आणि तापतो. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारी उष्णता मात्र वेगळ्या, लांब लहरींची असते आणि ती काचेतून सहज बाहेर जात नाही. स्पोर्ट्‌स कारमध्ये हे सगळं आणखी वाढतं. काच जवळजवळ झोपलेली, तिच्याखाली डॅशबोर्डचं लांबलचक पठार, आत हवा थोडी, आणि काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून चामडं मुद्दाम काळं किंवा गडद. त्यात आपल्याकडे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात शून्य सावली दिवस येतो. त्या दिवसांत भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, म्हणजे झोपलेल्या काचेवर ऊन जवळजवळ सरळ पडतं. गाडीचं तोंड पूर्वेला करा नाहीतर पश्चिमेला, बाराच्या उन्हाला त्याचं काही नाही.

जाता जाता एक गोष्ट. समोरची काच दोन थरांची असते आणि मधे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. तो पापुद्रा अतिनील किरण जवळजवळ सगळेच अडवतो. त्यामुळे ‘यूव्ही प्रोटेक्शन’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या बाटल्यांचा डॅशबोर्डच्या वरच्या भागाला फार उपयोग नाही. तिथला खरा शत्रू उष्णता आहे. बाजूच्या काचा सहसा एकेरी असतात, त्यातून हे किरण बऱ्यापैकी आत येतात, म्हणून दाराच्या चामड्याचा रंग उडतो तो भाग वेगळा.

आता चामडं. कातडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं दाट जाळं. प्रत्येक तंतू पीळ घातलेल्या तीन धाग्यांचा. कच्चं कातडं पाण्यात तापवलं की साधारण ६० ते ६५ अंशांना हा पीळ सुटतो, तंतू एकदम आखडतात आणि तुकडा डोळ्यांदेखत लहान होतो. तसंच उकळत ठेवलं तर शेवटी त्याचा सरस होतो, जो सुतार पूर्वी लाकूड चिकटवायला वापरायचे. कातडं कमावणं म्हणजे हा पीळ सुटू नये म्हणून तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणं. आपल्याकडे ते हिरड्यानं आणि बाभळीच्या सालीनं होतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा आणि सोलापूर हे जिल्हेही आहेत, आणि तिचं चामडं याच पद्धतीचं. अशा चामड्याचा पीळ पाण्यात साधारण ७५ ते ८५ अंशांपर्यंत टिकतो. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं १०० अंशांपर्यंत तग धरतं.

मग ६९ अंशांत डॅशबोर्डचं चामडं का आकसावं? वरचे आकडे ओल्या चामड्याचे आहेत. गाडीत तापतं ते कोरडं चामडं, आणि त्याचं बिघडणं एका दिवसाचं नसतं. चामड्यात नेहमी वजनाच्या दहा-पंधरा टक्के ओलावा असतो. तो तंतूंना एकमेकांपासून सुटं ठेवतो. मार्च ते मे रोज दुपारी तो ओलावा उडतो, तंतू जवळ येतात, तुकडा किंचित लहान होतो. रात्री थोडा ओलावा परत येतो, पावसाळ्यात बराच येतो, पण चामडं मूळ मापावर पूर्ण परतत नाही. दर उन्हाळ्यात जरासं माप कमी होत जातं. तासगावकडं शेडमध्ये द्राक्षाचा बेदाणा होताना सालीला सुरकुत्या पडतात, कारण साल आतल्या गरावर सैल बसू शकते. डॅशबोर्डच्या चामड्याला ती सवलत नाही. ते कडक सांगाड्यावर ताणून चिकटवलेलं असतं, त्यामुळे सुरकुती पडायच्या ऐवजी ते कडेपासून सुटतं.

यात एक गंमत आहे. ओल्या उष्णतेत सगळ्यांत जास्त टिकणारं क्रोमचं चामडं कोरड्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहिलं की जास्त आकसतं. म्हणून बऱ्याच कंपन्या डॅशबोर्डसाठी क्रोम न वापरता कमावलेलं चामडं घेतात. फेरारी, पोर्शे, अ‍ॅस्टन मार्टिन यांच्या जुन्या मॉडेलांमध्ये डॅशबोर्डचं चामडं मागं सरकण्याची तक्रार जगभर ओळखीची आहे. तेव्हा तुमच्या गाडीत हे झालं म्हणजे आधीच्या मालकानं काही पाप केलं असेल असं नाही.

दुसरा भागीदार गोंद. चामडं सांगाड्याला रबरी चिकट द्रवानं, म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘सोल्युशन’ म्हणतो त्यानं, चिकटवलेलं असतं. साध्या प्रकारचं सोल्युशन ६०-७० अंशांना मऊ पडायला लागतं. म्हणजे दुपारी चामडं जोर लावून ओढतंय आणि नेमकं तेव्हाच गोंद ढिला पडलाय. चामडं केसभर सरकतं. रात्री गोंद पुन्हा घट्ट होतो, पण नव्या जागी.

आकडेमोड करून बघा. साधारण सव्वा मीटर रुंद डॅशबोर्डचं चामडं एक टक्का आकसलं तर बारा-तेरा मिलिमीटर जातात, म्हणजे प्रत्येक बाजूला सहा. कडेला आत दुमडून चिकटवलेली पट्टी असतेच मुळी बोटभर. दोन टक्के आकसलं की ती पट्टी बाहेर आलीच. तेल घालून तंतू मऊ होतील, पण गेलेले सहा मिलिमीटर तेलातून कुठून येणार?

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका कुशनवाल्यांकडे असं मीटरचं छप्पर उघडताना बघितलं. मालकानं सहा महिने नारळाचं तेल चोळलं होतं. चामडं वरून चकचकीत, मागची बाजू उलटली तर खडखडीत, आणि जुना गोंद तपकिरी भुकटी होऊन कापडावर सांडला. मालक म्हणाले, “मामा, मी नियमानं तेल लावत होतो हो.” मामांनी कडेची पट्टी दोन बोटांत धरून दाखवली आणि म्हणाले, “आवो सायेब, तेल पाजून काय हुतंय? मापच कमी झालंय की ह्येचं.”

तेल मागच्या बाजूला पोचलंच नव्हतं, कारण गाडीच्या चामड्यावर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. चपलेला तो नसतो, म्हणून चप्पल तेल पिते. घरी करून बघायची सोपी परीक्षा: कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. मण्यासारखा तसाच राहिला तर वर थर आहे, तेल आत जाणार नाही. लगेच शोषला गेला तर चामडं उघडं आहे आणि त्याला चामड्याचं क्रीम थोडंसं चालेल. नारळाचं किंवा गोडं तेल कुठल्याच डॅशबोर्डला नको. ते धूळ धरतं, उन्हात पाझरतं, वास मारतं आणि पुढं दुरुस्तीच्या वेळी तिथं गोंद बसत नाही. चकचकीत करणारं सिलिकॉनचं डॅशबोर्ड पॉलिश त्याच्याहून त्रासदायक. त्याच्यावर नवा रंग नीट चढत नाही, रंगात डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात, आणि ती चमक काचेत दिसते ती वेगळीच.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी. मुळात ते चामडं आहे ना? कंपनीच्या माहितीपत्रकात ‘लेदर पॅकेज’ लिहिलेलं असलं तरी वरच्या भागाला पुष्कळदा रेक्झिनच असतं. सुटलेली कड उलटून बघा. मागं विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन, केसाळ तंतू दिसले तर चामडं. पीव्हीसीच्या रेक्झिनला मऊ ठेवणारी रसायनं उन्हात हळूहळू उडून जातात. काचेच्या आतल्या बाजूला जो तेलकट धूसर थर बसतो, त्यात त्यांचा मोठा वाटा असतो. असं रेक्झिन कडक होऊन तडकतं, आणि एकदा तडकलं की बदलायचंच.

चामडंच असेल तर नेमकं काय बिघडलंय ते बोटांनी कळतं. मधोमध फुगा आहे, दाबल्यावर बसतो आणि परत उठतो, पण कडा जागच्या जागी आहेत, तर दोष मुख्यतः गोंदाचा. कडा मागं गेल्यात आणि दुमड उघडी पडलीय, तर माप कमी झालंय. वर बारीक जाळीसारख्या चिरा आहेत पण चामडं खालून मऊ आहे, तर फक्त वरचा रंगाचा थर तडकलाय. ही सगळ्यांत स्वस्तातली गोष्ट: लवचीक फिलर, पाण्यात मिसळणारा रंग आणि वरून मॅट थर. मॅटच हवा, चकचकीत दिला तर दुपारी समोरच्या काचेत रस्त्याऐवजी डॅशबोर्ड दिसेल. आणि सुटलेली कड जरा वाकवल्यावर पापडासारखी मोडली, तर तंतूच संपलेत. तिथं कुठलीही बाटली उघडू नका.

दोन-तीन मिलिमीटर सुटलेली कड, तीही एअरबॅगपासून लांब, घरी बसवता येते. आधी खालची गोंदाची भुकटी बोथट पातीनं खरवडून काढायची. मागच्या केसाळ बाजूला ओलसर कापड टेकवून चामडं जरा नरम होऊ द्यायचं. ओलसर, भिजलेलं नव्हे. मग बोटांनी कडेकडं हळूहळू ओढत न्यायचं आणि मास्किंग टेपनं ताण धरून एक दिवस सावलीत सुकू द्यायचं. घाई करून हीट गन लावणारे असतात, त्यांना वर सांगितलेल्या ओल्या चामड्याच्या तापमानांची आठवण करून द्यावी. ओल्या चामड्याला जास्त उष्णता म्हणजे उलट आणखी आकसणं. केस वाळवायचं यंत्र लांबून, हाताच्या मागच्या बाजूला सहन होईल एवढंच. पूर्ण सुकल्यावर उष्णता सोसणारं सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं आणि बोटाला चिकटायचं थांबेपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटं, वाट बघायची. बहुतेक जण इथंच घोटाळा करतात, ओलं असतानाच दाबतात. आत अडकलेला द्रव उन्हात वाफ होतो आणि नवा फुगा येतो. हे सोल्युशन एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून आधी कोरडं बसवून बघावं. दारं उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. आणि थिनर चामड्याच्या वरच्या बाजूला लागू देऊ नका, रंगच निघून येईल.

फुग्यात इंजेक्शनच्या सुईनं गोंद सोडायची युक्ती काही ठिकाणी करतात. माझं मत विचाराल तर ती गाडी विकायच्या आदल्या आठवड्यातली युक्ती आहे. आतला जुना गोंद तसाच राहतो, नवा त्याच भुकटीला चिकटतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये फुगा परत.

आता एअरबॅग. शेजारच्या सीटसमोरच्या चामड्याखाली एअरबॅग असते. ती फुगते त्या क्षणी चामडं ठरलेल्या रेषेवर फाटावं लागतं. त्यासाठी कंपनी तिथं मुद्दाम कमजोर धाग्याची शिलाई देते किंवा चामडं मागून अर्धवट कापून ठेवते. वरून हे काहीच दिसत नाही. एअरबॅग साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत पूर्ण फुगते. तेवढ्यात चामडं फाटलं नाही तर ती भलत्या दिशेला उघडते किंवा झाकणाचा तुकडा माणसाच्या अंगावर येतो. म्हणून त्या झाकणावर नवं चामडं साध्या मजबूत नायलॉन दोऱ्यानं शिवून देणारा कारागीर कितीही सफाईचा असला तरी ते काम त्याच्याकडून करून घेऊ नये. त्या जागी गोंद सोडणं, पॅच मारणं, वरून दुसरं कव्हर ओढणं, सगळंच बाद. स्टिअरिंगच्या मधल्या भागालाही हेच लागू. पॅनेल काढायचं असेल तर बॅटरीची ऋण वायर सोडून गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबायचं, आणि एअरबॅगच्या पिवळ्या जोडणीत मल्टिमीटर कधीच खुपसायचा नाही. त्याचा छोटासा करंटसुद्धा ती उडवू शकतो.

चामडं जास्त आकसलं असेल तर पॅनेल बाहेर काढून नवं चढवणं हा एकच पक्का मार्ग. मीटरचं छप्पर सहसा चार-सहा स्क्रूंवर निघतं, ते काम आपल्याकडचे चांगले कुशनवाले उत्तम करतात, कारण ताण, दुमड आणि कोपऱ्यातल्या कापांवर त्यांचा हात बसलेला असतो. पूर्ण डॅशबोर्ड ही वेगळी बाब. स्टिअरिंग, एसीच्या नळ्या, वायरिंग असं सगळं सुटतं, त्यामुळे गॅरेज आणि कुशनवाले दोघं मिळूनच ते होतं. एअरबॅगचं झाकण कंपनीचंच नवं मागवावं किंवा तो एक भाग तज्ज्ञाकडे पाठवावा. चामडं विकत घेताना सोफ्याचं किंवा जॅकेटचं नको. कानपूर, चेन्नई, कोलकात्याकडून गाड्यांसाठीचं, साधारण एक मिलिमीटर जाडीचं, शक्यतो क्रोम न वापरता कमावलेलं मागवा. चढवण्याआधी त्याचा एक हातभर तुकडा मापून, मेच्या उन्हात काचेखाली आठवडाभर ठेवून परत मापायला सांगा. कारागीर हसेल, पण तुम्हाला कळेल.

मीटरच्या छपरापुरता आणखी एक पर्याय म्हणजे अल्कँटारा. मऊ लव असलेलं हे कापड दिसतं चामड्याच्या आतल्या बाजूसारखं, पण आहे कृत्रिम: साधारण ६८ टक्के पॉलिस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन. चामड्यासारखं आकसत नाही, काचेत चमकत नाही. धूळ मात्र धरतं, आणि आपल्याकडच्या उसाच्या मोसमातल्या रस्त्यांवर ती भरपूर.

पुराचाही विचार करायला हवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशी भिजलेली गाडी दारं बंद करून उन्हात वाळवणं चामड्यासाठी सगळ्यांत वाईट, कारण ओलं चामडं कमी तापमानालाच आखडतं. सावलीत, दारं उघडी ठेवून, पंख्याखाली वाळवायची. तेच तत्त्व रोजच्या पुसण्याला: दुपारी तापलेल्या डॅशबोर्डवर निथळतं फडकं फिरवू नका, सकाळी पिळून घेतलेल्या कापडानं पुसा.

काळजीचं म्हणाल तर महागडं काहीच लागत नाही. काचेच्या आतून लावायचा चंदेरी पडदा, पण तुमच्या काचेच्या मापाचा. झोपलेल्या काचेला बाजारातला सरसकट पडदा दोन्ही टोकांना कमी पडतो आणि चामडं नेमकं त्या टोकांनाच सुटतं. काचा बोटभर खाली ठेवल्यानं आतली हवा जरा निवते, डॅशबोर्डला त्याचा फारसा फायदा नाही. काळ्या फिल्मचा मोह नको. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पोलीस ती जागेवर फाडतात, दंड वेगळा. झाडाची सावली चांगली, पण बारा वाजता जिथं सावली आहे तिथं तीन वाजता ऊन असतं, हे गाडी लावताना बघावं. पत्र्याची शेड स्वतः तापली तरी ऊन अडवते, तेवढं पुरेसं आहे.

आणि पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीला धुक्यातून जाताना काच साफ ठेवायला गरम हवा पूर्ण वेगानं सोडतात, तेव्हा ती हवा काचेखालच्या ज्या जाळीतून येते तिच्या कडेचं चामडं आधीच उन्हानं थकलेलं असतं. एसी चालू ठेवून हवा कोमट ठेवली तरी काच तेवढीच साफ राहते, कारण धुकं घालवतो तो एसीनं काढून घेतलेला ओलावा.